पाया काळ्या मातीत धरत नाही

प्रश्न विचारणारा मुलगा अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातला, सध्या संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: "होस्टेलवर रूमपार्टनर रोज वाद घालतात. विश्व आपोआप झालं, येशूचं चरित्र सांगणाऱ्या तुमच्या चार शुभवर्तमानांचा एकमेकांत मेळ नाही, तुझ्या पणजोबाने कशासाठी धर्म घेतला ते सांग. मला एकाचंही धड उत्तर देता येत नाही. गावी आलो की आमचे पाळक म्हणतात, जास्त प्रश्न विचारू नकोस, विश्वास माणसाच्या ज्ञानावर नव्हे तर देवाच्या सामर्थ्यावर उभा असावा असं पौलानेच लिहिलंय. मग मी शिकूच नये का? आणि ते सामर्थ्य असतं कुठे? मी तर अजून पाहिलेलं नाही."

जय ख्रिस्त. तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो. जालना-बीड पट्ट्यात पाळकाचं काम करून मला तीस वर्षं झाली. त्यातली पहिली आठ-दहा वर्षं मीही हे वचन तुझ्या पाळकांसारखंच वापरलं. अडचणीचा प्रश्न आला की हे वचन पुढे करायचं, प्रश्न बंद. म्हणून त्यांच्यावर रागावू नकोस. पण वचनाचा तो अर्थ नाही.

आधी बांधकामाची एक गोष्ट सांगतो. तू इंजिनिअरिंगचा, तुला पटकन कळेल. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने संडे स्कूलसाठी एक खोली बांधायला काढली. जागा चर्चच्या मागची, अस्सल काळी जमीन. कमिटीचा हिशेब असा की तीन फूट खणू, दगड भरू, भिंत उचलू. मिस्त्री कामाला हात लावेना. म्हणाला, "साहेब, ही जमीन कपाशीला लई गुणाची हाय, पर पायाला इसवास न्हाई हिचा." पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भिंत तिच्याबरोबर वरखाली होते. मुरूम लागेपर्यंत खणत राहायचं. आमच्याकडे मुरूम साडेपाच फुटांवर लागला. खर्च वाढला म्हणून कमिटीत महिनाभर कुरकुर चालली. खोली आज सरळ उभी आहे. त्याच काळ्या मातीत कंपाउंडलगत आम्ही लिंबं लावली, तीही जोमात आहेत.

ज्ञानाबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. ती काळी जमीन आहे. तिच्यात पेर, पीक काढ, तिला नावं ठेवू नकोस. फक्त भिंतीचा भार तिच्यावर टाकू नकोस.

आता मूळ मजकुराकडे. करिंथकरांस पहिले पत्र, दुसरा अध्याय, पहिली पाच वचनं. एक वचन सुटं उचललं की ते हवं तिकडे वळवता येतं, म्हणून हे कोणाला आणि का लिहिलं ते पाहू.

करिंथ हे जुनं ग्रीक शहर रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये जमीनदोस्त केलं होतं. शंभर वर्षांनी, इ.स.पू. ४४ च्या सुमारास, जुलियस सीझरने ते रोमी वसाहत म्हणून पुन्हा वसवलं. दोन समुद्रांच्या मधल्या अरुंद पट्टीवरचं व्यापारी शहर, मुक्त झालेले गुलाम, नवा पैसा, आणि नव्या पैशाबरोबर येणारी प्रतिष्ठेची भूक. अशा शहरात वक्तृत्व ही नुसती कला नव्हती, पुढे सरकायची शिडी होती. फी घेऊन बोलणारे वक्ते होते, त्यांचे चेले होते, कोणाचा वक्ता भारी यावरून चढाओढ होती. आपल्याकडे दोन कीर्तनकारांच्या चाहत्यांत होते तशी, पण पुष्कळ कडवट.

पौल, म्हणजे ख्रिस्ताचा प्रेषित आणि या पत्राचा लेखक, तिथे इ.स. ५० च्या आसपास पोहोचला. हा काळ आपल्याला बऱ्यापैकी नेमका कळतो, कारण त्याला ज्याच्यापुढे उभं केलं तो अखया प्रांताचा रोमी सुभेदार गल्लियो याचं नाव डेल्फी इथे सापडलेल्या एका शिलालेखात आहे आणि त्यावरून त्याची कारकीर्द इ.स. ५१-५२ च्या सुमाराची ठरते. पौल तिथे दीड वर्ष राहिला. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू बनवून पोट भरलं. करिंथकरांकडून पैसा घेतला नाही, आणि गंमत म्हणजे त्याचाच तिथल्या काहींना कमीपणा वाटला. फुकट बोलतो तो कसला वक्ता!

तो गेल्यावर अपुल्लोस आला. अलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वात तरबेज, शास्त्रात पारंगत. मंडळीत लगेच गट पडले: मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा, म्हणजे पेत्राचा. ही बातमी इफिसात पौलाच्या कानावर गेली आणि त्याने हे पत्र लिहिलं. म्हणजे "मनुष्यांचं ज्ञान" असं तो म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर तुझं थर्मोडायनॅमिक्सचं पुस्तक नाही. त्याच्यासमोर बोलण्याच्या झगमगाटावर भाळून आपापला वक्ता मिरवणारी मंडळी आहे. तो त्यांना आठवण करून देतो की मी आलो तेव्हा अशक्त होतो, घाबरलेला होतो, थरथरत होतो, आणि तरीही तुम्ही विश्वास ठेवलात. मग तुम्हाला खेचलं कोणी? माझ्या भाषणाने तर नाही.

इथे त्याने एक शब्द फार हुशारीने वापरला आहे. चौथ्या वचनात आपण "प्रमाण" किंवा "निदर्शन" वाचतो तिथे मूळ ग्रीक शब्द "अपोदेइक्सिस" आहे. वक्तृत्वशास्त्रात आणि तर्कशास्त्रात, ऐकणाऱ्याला नाही म्हणताच येणार नाही अशा पुराव्याला हा शब्द लावत. पौल वक्त्यांचाच शब्द घेतो आणि म्हणतो, माझा अपोदेइक्सिस आत्म्याचा आणि सामर्थ्याचा होता. ज्ञानाला तुच्छ मानणाऱ्या माणसाला असं लिहिता येत नाही. त्यासाठी ती विद्या नीट ठाऊक असावी लागते.

पुष्कळ प्रचारक सांगतात की पौलाने अथेनैत (अथेन्समध्ये), अरीयपग टेकडीवर, तत्त्वज्ञानी भाषण केलं, ते फसलं, म्हणून करिंथला येऊन त्याने पुस्तकं गुंडाळली. मला हे पटत नाही. हा प्रसंग नोंदवणारा लूक ते भाषण फसलं असं कुठेच म्हणत नाही. उलट दिओनुस्य, दामारी आणि आणखी काही जणांनी विश्वास ठेवला असं नोंदवतो. आणि करिंथला आल्यावरही पौल दर शब्बाथाला, यहूद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, त्यांच्या सभास्थानात वाद घालतच होता. त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थानाबद्दल तो कसा बोलतो ते बघ: हे खरं नसेल तर ते खरं नाही, ते नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ, तुमचा विश्वास व्यर्थ. कोर्टात वकील मांडतो तशी साखळी आहे. चौदाव्या अध्यायात तर स्पष्टच लिहितो की समजुतीच्या बाबतीत बालकं होऊ नका, प्रौढ व्हा. शेवटी तुरुंगातून आपला शिष्य तीमथ्य याच्याकडून काय मागवतो? झगा, पुस्तकं आणि विशेषतः चर्मपत्रं.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शीक. पोटभर शीक.

दुसरा प्रश्न अवघड आहे. सामर्थ्य असतं कुठे?

इथे उलट बाजूचा खड्डा आहे आणि आपल्या भागात माणसं त्यातच जास्त पडतात. ज्ञान नको म्हणजे चमत्कार हवा, असं ते समीकरण मांडतात. पण एकच पान मागे जा. पहिल्या अध्यायात पौल म्हणतो, यहूदी चिन्हं मागतात, ग्रीक ज्ञान शोधतात, आम्ही मात्र वधस्तंभावर खिळलेला ख्रिस्त गाजवतो. त्याने एकाला नाकारून दुसऱ्याला हो म्हटलेलं नाही. दोन्ही मागण्या त्याने बाजूला ठेवल्या. देवाचं सामर्थ्य म्हणजे काय, हेही तिथेच सांगितलंय: वधस्तंभाचा संदेश. मरणारा माणूस!

आज आपण सोन्याचा क्रूस गळ्यात घालतो म्हणून यातला धक्का जाणवत नाही. त्या काळी ती गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. सिसेरोसारखा रोमी वकील म्हणत असे की क्रूस हा शब्दसुद्धा रोमी नागरिकाच्या कानापासून दूर असावा. रोममध्ये पॅलाटाईन टेकडीवर सुमारे इ.स. २०० चं भिंतीवर ओरबाडलेलं एक चित्र सापडलं आहे. वधस्तंभावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, खाली एक भक्त, आणि शेजारी लिहिलंय, "अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतो." तुझ्या रूमपार्टनरांनी केलेली थट्टा काही नवी नाही. अलेक्सामेनोसलाही असेच सोबती मिळाले असावेत.

"सामर्थ्य" या शब्दावरून आमच्या कन्व्हेन्शनमध्ये हमखास येणारी एक गोष्ट: मूळ शब्द दुनामिस, त्यावरून डायनामाइट आलं, म्हणजे देवाचं सामर्थ्य सुरुंगासारखं! टाळ्याही पडतात. डायनामाइट नोबेलने १८६७ मध्ये केलं. त्याने जुन्या ग्रीक शब्दावरून नाव घेतलं, पौलाने नोबेलवरून नाही. सुरुंगाचं चित्र डोक्यात बसलं की माणूस आवाजाची वाट पाहत बसतो.

आणि आवाजाची किंमत मी पाहिली आहे. एका शहरात मैदानावर तीन दिवसांची सभा झाली. माझ्या मंडळीतला एक साखरेचा पेशंट तिथे पुढे गेला. स्टेजवरच्या पाहुण्या वक्त्याने सांगितलं की तू बरा झालास, आता औषध घेणं म्हणजे अविश्वास. त्याने इन्सुलिन बंद केलं. थोड्याच दिवसांत बेशुद्धावस्थेत त्याला सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं. वाचला, पण आठवडाभर आयसीयूत होता. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "माझाच विश्वास कमी पडला." मला त्या वक्त्यापेक्षा या वाक्याचा जास्त राग आला. पौलाने स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनवणी केली आणि काटा गेला नाही. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत शहरात आजारीच ठेवलं. तीमथ्याच्या पोटदुखीवर त्याने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. त्याच्या सोबत्यांत लूक होता, आणि लूक वैद्य होता. मी आजाऱ्यासाठी आजही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, आणि उठताना विचारतो, "गोळी घेतली का?"

मग सामर्थ्य कसं दिसतं? मला पुस्तकी व्याख्या देता येईल, पण मी जे पाहिलं तेच सांगतो.

आमच्या मंडळीत दोघे सख्खे भाऊ. थोरला तहसील कचेरीतून निवृत्त, वाचनाचा नाद, घरात बायबलवरच्या टीकाग्रंथांचं कपाट. कोणत्याही वचनावर तो माझ्यापेक्षा चांगलं बोलायचा; मी तयारीला त्याच्याकडे जायचो. धाकटा शेती बघायचा. दोघांत शेताच्या बांधावरून दावा होता, धाकट्याने बांध दीड हात सरकवला म्हणून. अकरा वर्षं कोर्टात तारखा. प्रभुभोजनाला एक भाऊ उठला की दुसरा बाकावर बसून राहायचा. मी क्षमेवर किती उपदेश केले असतील! थोरला प्रत्येक उपदेशानंतर येऊन हात मिळवायचा, "आजचा मुद्दा छान मांडलात." आणि घरी जाऊन वकिलाला फोन करायचा.

एका वर्षी उत्तम शुक्रवारी, येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना होती. सात जणांना एकेक उद्गार वाटून दिलेला. पहिला थोरल्याकडे आला, "हे बापा, त्यांना क्षमा कर." मी मुद्दाम दिला नव्हता, कमिटीने वयाप्रमाणे नावं लावली होती. तो फुलस्केप सहा पानं लिहून घेऊन आला होता. उभा राहिला, चष्मा लावला, वचन वाचलं. मग पहिलं पान हातात धरून तसाच उभा राहिला. मंडळीला वाटलं ओळ सापडत नसेल. त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि खाली बसला. एक शब्द बोलला नाही. मी घाईघाईने गीत लावलं.

पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटेच्या उपासनेआधी तो धाकट्याच्या दारात गेला. पुढच्या तारखेला दावा मागे घेतला. मी त्याला म्हणालो, बरं झालं. तर तो म्हणतो, "तुमच्या उपदेशांमुळे नाही हं, पाळकसाहेब." मी म्हटलं, ते मला माहीत आहे.

पौल ज्याला सामर्थ्य म्हणतो ते मला त्या घडी केलेल्या कागदात दिसलं. ज्ञान त्या माणसाकडे भरपूर होतं आणि खोटं अजिबात नव्हतं. त्याच्या सहा पानांत चूक निघाली नसती. पण ते त्याला बांधापलीकडे नेऊ शकलं नाही. अकरा वर्षांत जे झालं नाही ते एका मरणाऱ्याच्या एका वाक्याने केलं.

आपल्याकडचे लोक हे ऐकून म्हणतात की हे तर संतांनीही सांगितलंय, पांडित्यापेक्षा भक्ती मोठी. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन कोणतं मडकं कच्चं ते तपासलं, ही गोष्ट मराठवाड्यात कोणाला सांगावी लागत नाही. त्या परंपरेचं ऋण आम्ही मानतो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तर तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. पण एक फरक मी नेहमी दाखवतो. पौल "ज्ञान सोडा, भावना धरा" असं म्हणत नाही. माझी भक्ती किती उत्कट, माझा विश्वास किती पक्का, यावर भार टाकला तर तोही माणसावरच टाकलेला भार. तीही काळी मातीच, पावसाळ्यात फुगणारी. तो साखरेचा पेशंट त्याच भेगेत अडकला होता.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथे सगळ्यात जवळचं वाटतं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटलं. माणसाच्या ज्ञानाचा याहून मोठा शिक्का त्या काळी बाईला मिळणं शक्य नव्हतं. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, तोही अभ्यास करून, वाद घालून. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो नंतर काही वर्षांनी भेटला. आणि भेटल्यावर त्यांनी पुस्तकं फेकली का? नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घातली. मुरूम लागल्यावर काळ्या मातीत किती पीक निघतं ते पाहायचं असेल तर केडगावला, त्यांच्या मुक्ती मिशनला जाऊन ये.

जालन्याजवळची ख्रिस्ती वसाहत बेथेल तर तुझ्या गावापासून लांब नाही. ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत तर्क, विज्ञान, तत्त्वज्ञान शिकून १८४३ मध्ये ख्रिस्ती झाले. दिवाण सालारजंगांच्या काळात निजामाच्या मुलखात त्यांना बेथेलसाठी जमीन मिळाली. तिथे जी मंडळी उभी राहिली ती मात्र बहुतांशी शाळेच्या दारातही उभं न केल्या जाणाऱ्या समाजांतून. गुरू तर्काच्या वाटेने आलेला, शिष्यांनी तर्क हा शब्द ऐकलेला नाही, आणि दोघं एकाच पायावर. "तुमच्यात ज्ञानी फार नाहीत, बलवान फार नाहीत, कुलीन फार नाहीत" हे पौलाने करिंथला लिहिलेलं वाक्य मी बेथेलमध्ये वाचतो तेव्हा ते पत्र जालन्याच्या पत्त्यावर आल्यासारखं वाटतं.

एक कबुली देतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी नुकताच सेमिनरीतून बाहेर पडलो होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली, दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. मदतीच्या एका गटाबरोबर मी गेलो. देव दुःख का येऊ देतो यावर माझा सेमिनरीतला निबंध होता, मार्क चांगले होते. मुलगा गमावलेल्या एका बाईने मला तोच प्रश्न विचारला. निबंधातलं पहिलं वाक्य तोंडात आलं आणि तिथेच थांबलं. मी तिच्या शेजारी मातीत बसलो. बराच वेळ बसलो. मला आजही त्या प्रश्नाचं पुरतं उत्तर देता येत नाही, आणि तरी मी तीस वर्षं या कामात आहे. उत्तरावर उभा असतो तर त्याच आठवड्यात परत गेलो असतो.

आता तुझं होस्टेल. वादात हरलास म्हणजे विश्वास हरला असं समजू नकोस. उद्या तू वाद जिंकलास तरी रूमपार्टनर ख्रिस्ती होईल असं नाही. उत्तर माहीत नसेल तर सरळ "माहीत नाही, वाचून सांगतो" म्हण आणि खरोखर वाच. चार शुभवर्तमानांचा प्रश्न जुना आहे. चौघांचे वाचक वेगळे, मांडणी वेगळी. मंडळीने चारही तशीच ठेवली, घासून एक केली नाहीत. दुसऱ्या शतकात तातियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने चारांचं एक पुस्तक करून पाहिलं होतं, सिरियात ते बरीच वर्षं चाललं, पण शेवटी मंडळ्या चारांकडेच परत आल्या. एका घरातल्या चार भावांना आईबद्दल विचार, चौघांचं शब्दाला शब्द जुळलं तर मला संशय येईल. विश्वाच्या उत्पत्तीबद्दल तुझे फिजिक्सचे सर काय सांगतात ते लक्ष देऊन ऐक, घाबरू नकोस. पणजोबांबद्दल मात्र होस्टेलवर अंदाज करत बसू नका. तुमच्या चर्चच्या लोखंडी कपाटात बाप्तिस्म्याचं जुनं रजिस्टर असेल, ते पाळकांकडून मागून घे, नाव आणि साल बघ, मग आजीला विचार. त्या काळी पोटासाठी आलेले होते, मान मिळावा म्हणून आलेले होते, आणि पटलं म्हणून आलेलेही होते. खरं जे निघेल ते रूमपार्टनरला सांग.

आणि दिवाळीच्या सुट्टीत एका रविवारी आमच्याकडे ये. त्या साडेपाच फूट पायाच्या खोलीत थोरला भाऊ आता पोरांना शिकवतो. उपासना झाली की त्याला शेतात घेऊन चल म्हण. बांध तो स्वतः दाखवेल. अजून तिथेच आहे, दीड हात आत.